गोंदियास लहानसें वनस्पतिउद्यान : तें कसें असावें व शेतकऱ्यानें त्यांतून काय शिकावें

गोंदिया या नांवाची उत्पत्ति सांगतांना जुनीं माणसें 'गोंद' या शब्दाकडे बोट दाखवितात. गोंद म्हणजे डिंक. भोंवतालच्या रानांतून गोंड लोक डिंक व लाख गोळा करून येथें विकावयास आणीत, त्यावरून गांवाला हें नांव पडलें, अशी समजूत आहे. ही व्युत्पत्ति खरी कीं खोटी हें भाषापंडितांनीं ठरवावें. परंतु ज्या शहराचें नांव झाडाच्या रसावरून पडलें असें आपण अभिमानानें सांगतों, त्या शहरांतील शाळेच्या मुलाला "डिंक कोणत्या झाडाचा?" असें विचारलें, तर तो बहुधा "दुकानांतला" असें उत्तर देईल. मुलाचें राहूं द्या. धावड्याचें रोप वीतभर उंचीचें असतां तें धावड्याचेंच आहे, असें छातीठोकपणें सांगणारे शेतकरी तरी आपल्यांत किती निघतील?

हा प्रश्न आम्हांस एका नुकसानीवरून सुचला. आमच्या एका सभासदानें धुऱ्यावर लावण्यासाठीं बिज्याचीं म्हणून चाळीस रोपें विकत आणिलीं आणि चार पावसाळे पोटच्या पोरासारखीं जगविलीं. पांचव्या वर्षीं धुऱ्यालगतच्या बांधींत जागोजागीं कोंब फुटूं लागले, तेव्हां तीं झाडें शिसमाचीं असल्याचें ध्यानीं आलें. शिसमाच्या मुळांपासून नवीं झाडें उठतात. रानांत तो गुण असेल, धानाच्या बांधींत तो उपद्रव होतो. विकणाऱ्यानें फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यालाहि फरक ठाऊक नसावा. वस्तुतः फरक सोपा आहे. बिज्याच्या पानाचा प्रत्येक दळ टोंकाशीं किंचित् आंत दबलेला, खांच पडल्यासारखा असतो. शिसमाचा दळ वाटोळा असला तरी टोंकाशीं निमुळता होऊन पुढें येतो. पुढें शेंगा आल्यावर तर संशयच उरत नाहीं : बिज्याची शेंग वाटोळी व भोंवतीं पातळ पंख असलेली, शिसमाची लांबट व चपटी. पण शेंगा येईपर्यंत वाट पाहणें म्हणजे चार वर्षें गमावणें. दोन्हीं झाडें शेजारीं शेजारीं, नांवाच्या पाटीसह, कोठें तरी उभीं असतीं, तर आमच्या सभासदाला गाडींत रोपें भरण्यापूर्वींच एक पान खुडून ताडा घेतां आला असता.

असें 'कोठें तरी' म्हणजेच वनस्पतिउद्यान. फुलबाग आणि वनस्पतिउद्यान या दोहोंत पुष्कळदां घोटाळा होतो. फुलबागेंत मनुष्य मन रमवावयास जातो. वनस्पतिउद्यानांत तो झाड ओळखावयास जातो. तेथें प्रत्येक झाडाला नांव असतें, तें कोठून आलें व केव्हां लाविलें याची वहींत नोंद असते, आणि ती नोंद झाड मेलें तरी फाडून टाकीत नाहींत. गोंदिया शहरांत सुभाष बागेसारखें सार्वजनिक उद्यान आहे, तेथें लोक फिरावयास येतात, मुलें खेळतात. ती गोष्ट शहराला हवीच आहे. आम्ही बोलत आहों तें दुसऱ्या प्रकारच्या बागेविषयीं. ती स्वतंत्र जागेंत होवो किंवा असलेल्या बागेच्या एका कोपऱ्यांत होवो, आमची तक्रार नाहीं.

अशा बागेला मोठी जागा लागते हा समज चुकीचा आहे. कलकत्त्याजवळ शिबपूर येथें १७८७ सालीं स्थापन झालेलें उद्यान सुमारें पावणेतीनशें एकरांचें आहे हें खरें. पण इटलींतील पादुआ येथील उद्यान १५४५ सालीं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पति ओळखतां याव्या म्हणून घातलें गेलें, तें आजहि मूळच्याच जागीं आहे, आणि त्याचें क्षेत्र साडेपांच एकरांच्या आसपास आहे. तेथें १५८५ सालीं लाविलेला एक ताडवर्गीय वृक्ष अद्याप जिवंत आहे. म्हणजे महत्त्व विस्ताराला नसून नोंदीला व सातत्याला आहे. गोंदियास दोन एकर मिळाले तरी पुरे. एक एकर मिळाला तरी आम्ही नाहीं म्हणणार नाहीं.

आपल्या भागाला या विषयांत जवळचें उदाहरण म्हणजे नागपूरची महाराजबाग. ही मूळची भोसल्यांची बाग, नाग नदीच्या कांठची. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेली. पुढें १८९४ सालीं तेथें प्राणिसंग्रहालय आलें, आणि आज महाराजबाग म्हटलें कीं लोकांना आधीं वाघ आठवतो व झाडें मागाहून. १९०६ सालीं नागपुरास कृषि महाविद्यालय सुरू झालें. बाग त्या महाविद्यालयाकडे आहे, आणि महाविद्यालय १९६९ सालीं स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाखालीं येतें. राजाची बाग शेतकीच्या विद्यार्थ्याच्या हातीं गेली, हें आम्हांस त्या बागेचें भाग्य वाटतें. शहरांतील बागेचा व खेड्यांतील शेताचा संबंध किती दूरवर जातो याचें एक उदाहरण नागपूरकरच सांगतात : भोसल्यांनीं औरंगाबादेकडून संत्र्याचीं झाडें आणवून आपल्या बागांत लाविलीं, आणि तेथून तीं शेतकऱ्यांच्या मळ्यांत पसरलीं. राजेरजवाड्यांनीं हौसेनें लाविलेलें झाड पुढें साऱ्या प्रांताचें पीक झालें आणि २०१४ सालीं नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें.

मग गोंदियाच्या शेतकऱ्यानें १३० किलोमीटर आगगाडीनें जाऊन महाराजबागच कां पाहूं नये? जरूर पाहावी. परंतु नागपूरची जमीन काळी, कापसाची. आपली सिहार, मोरंड, बरडी. तेथें पाऊस कमी, येथें अधिक. तेथील शेत उताराचें पाणी बाहेर काढण्याच्या चिंतेंत असतें, आपली बांधी पाणी कोंडून धरण्यासाठींच घातलेली. म्हणून नागपूरच्या बागेंत एखादें झाड कसें वाढतें यावरून तें आमगांव किंवा अर्जुनी-मोरगांव येथील धुऱ्यावर कसें वाढेल हें सांगतां येत नाहीं. शेतकऱ्याला आपल्याच मातींत, आपल्याच पावसांत उभें असलेलें झाड दाखविलें पाहिजे.

आतां बागेची मांडणी. आमच्या मतें ती खेड्याच्या शिवाराची लहानशी नक्कल असावी. आपल्या शिवारांत वरच्या अंगाला रान, रानाखालीं तलाव किंवा बोडी, आणि तलावाखालीं बांध्या, असा पाण्याचा क्रम असतो. बागेचा उताराचा कोपरा पाहून तेथें बोडी खणावी, तिच्या वरच्या अंगाला रानचीं झाडें लावावीं, पाळीवर पाणकांठचीं, आणि बोडीखालीं चार-सहा लहान बांध्या पाडाव्या. बागेंत फिरणारा मनुष्य वरून खालीं आला म्हणजे जिल्ह्याचें सारें शेत पायाखालून गेलें, असें झालें पाहिजे.

रानच्या भागांत पहिली ओळ अर्थातच डिंकाची. धावडा, बाभूळ, पळस, कढई, सालई आणि बिजा हीं सहा झाडें एका रांगेंत असावीं, आणि प्रत्येकाखालीं त्याच्या डिंकाचा नमुना कांचेच्या बरणींत ठेवावा. बाभळीचा डिंक पाण्यांत टाकला तर पूर्ण विरघळतो. कढईचा डिंक फुगून लगदा होतो, पण विरघळत नाहीं. पळसाचा डिंक लाल व तुरट, त्यालाच कमरकस म्हणतात. सालईचा रस जळतांना सुवास देतो. बाळंतिणीच्या लाडवांसाठीं आपण शोधतों तो धावड्याचा. घरच्या भगिनींना ही परीक्षा पुष्कळ वेळां पुरुषांपेक्षां चांगली ठाऊक असते; बाजारांत त्यांची फसवणूक होते ती डिंक कुटून, मिसळून येतो म्हणून. वाटीभर पाणी आणि एक रात्र एवढ्या साहित्यावर मिसळ बरीचशी उघडी पडते. कढईविषयीं एक सूचना पाटीवरच लिहावी : खोल व वारंवार घाव घातले तर हें झाड मरतें. डिंकाच्या लोभानें कित्येक रानांतून तें दिसेनासें झालें आहे.

दुसरी ओळ लाखेची. येथें एक गंमत सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यांत 'लाख' म्हटलें कीं एकाला उभ्या धानांत उतेरा पद्धतीनें पेरलेली लाखोळी आठवते, दुसऱ्याला बांगड्यांची लाख. पहिलें कडधान्य, दुसरी एका बारीक किड्यानें अंगाभोंवतीं केलेली राळ. हा किडा कोंवळ्या फांदींत सोंड रोवून रस पितो, म्हणून झाड वेळेवर छाटून नवी फूट आणणें हेंच लाखेच्या शेतीचें मर्म होय. किड्याच्या जाती दोन, रंगिनी आणि कुसुमी. पळसावर रंगिनी बसते, कुसुमाच्या झाडावर कुसुमी, बोरीवर दोन्हीं बसतात. रंगिनीचीं पिकें बैसाखी व कतकी, कुसुमीचीं जेठवी व अघनी. कुसुमीची लाख रंगानें फिकट असल्यामुळें तिला भाव अधिक. एके काळीं गोंदियांत लाखेचे कारखाने चालत. आज धुऱ्यावरचा पळस आपण सरपणासाठीं तोडतों. बागेंत पळस, कुसुम व बोर हीं तीन झाडें शेजारीं लावून त्यांवर लाख चढविली, तर शेतकऱ्याला तें पुस्तकापेक्षां लवकर समजेल.

मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा, आवळा, शिवण, हेदू यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. तीं असावींत इतकेंच. मोह मात्र दोन तरी असावे, कारण एक म्हातारा झाल्यावर दुसरा फुलावर आलेला पाहिजे, आणि मोह फुलावर यावयास मनुष्याच्या आयुष्यांतलीं बरींच वर्षें लागतात.

आतां बोडीकडे येऊं. बागेंतला हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच शहरांतल्या बागा करणाऱ्यांना सुचत नाहीं. ते पाणी म्हटलें कीं कारंजें बसवितात. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तलावांचा. कोहळी लोकांनीं उतार पाहून, माती ओळखून हे तलाव बांधिले. नवेगांवचा बांध कोलू पाटील कोहळी यांनीं घातला अशी परंपरा आहे. मालगुजारीच्या काळांत या तलावांची देखरेख होत असे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणें योग्यच होतें, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु पाळीवर वर्षातून एकदां माती टाकणारा हातहि तिच्याबरोबर गेला, हेंहि तितकेंच खरें. तलाव गाळानें उथळ झाले, आणि उथळ कांठावर बेशरम माजली.

बेशरम ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागांतील वनस्पति. फूल सुंदर, जांभळट गुलाबी. जनावरें तिला तोंड लावीत नाहींत म्हणून कुंपणाला चांगली, असें म्हणून लोकांनीं ती हातानें लाविली. तोडलेला तुकडा ओल्या मातींत पडला कीं त्याला मुळें फुटतात, यावरूनच तिला हें नांव मिळालें असावें. ती कांठ व्यापते, पाणकांठच्या जुन्या वनस्पति मारते, आणि त्या वनस्पतींबरोबर मासळीची अंडीं घालावयाची जागा जाते. आमच्या जिल्ह्यांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढिवर बांधवांना व त्यांच्या स्त्रियांना बरोबर घेऊन तलाव सुधारण्याचें जें काम केलें, तें प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखें आहे. त्यांनीं उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर बेशरम मुळांसकट उपटली, तलावाचा उघडा तळ नांगरला, आणि मग पाण्यांतल्या देशी वनस्पति आणून पुन्हां लाविल्या. मासळी ही बोटुकल्यांच्या पिशवींतून येत नाहीं, ती आधीं पाण्यांतल्या गवतांतून येते, हें ढिवरांना पूर्वींपासून ठाऊक होतें. शास्त्र मागाहून आलें.

बागेच्या बोडींत हेंच दाखवावयाचें. तिला तीन पायऱ्या ठेवाव्या. सर्वांत खोल पायरींत बुडून राहणाऱ्या वनस्पति : हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. यांना गांवोगांवीं निरनिराळीं नांवें आहेत. तीं ढिवरांच्या तोंडून लिहून घ्यावीं, आपण बनवूं नयेत. मधल्या पायरींत पानें पाण्यावर पसरणाऱ्या : कमळ, कुमुद, शिंगाडा. सर्वांत वरच्या, वर्षाचे कांहीं महिने कोरड्या पडणाऱ्या पायरींत लव्हाळा, पाणकणीस आणि देवधान. पाळीवर कहू, करंज व जांभूळ. सारस पक्षी, ज्याच्यामुळें आज जिल्ह्याचें नांव पक्षिशास्त्रज्ञांच्या तोंडीं आहे, तो या वरच्या दोन पायऱ्यांवर आणि त्यांखालच्या बांधींत जगतो. दोन एकरांच्या बागेंत सारस उतरणार नाहीं. तो कशावर जगतो तें मात्र तेथें दिसेल.

देवधान हें नांव निघालें म्हणून आतां धानाच्या बांधीकडे वळूं. देवधान म्हणजे रानटी धान. त्याचा व आपल्या धानाचा संकर होऊन बांधींत जें तण उठतें त्याला छत्तीसगडांत करगा म्हणतात. रोप लहान असतां धान आणि करगा यांतला फरक निंदणाऱ्या बाईच्या डोळ्यालाहि दिसत नाहीं. लोंबी आल्यावर दिसतो, पण तोंपर्यंत दाणे गळून पुढच्या वर्षाचें तण पेरलें गेलेलें असतें. यावर जुन्या मध्यप्रांतांत एक सुंदर उपाय निघाला. जांभळ्या पानाच्या वाणाचें धान पेरावयाचें. मग बांधींत हिरवें दिसेल तें सारें उपटावयाचें. बागेच्या एका बांधींत देवधान, साधें धान व जांभळें धान अशा तीन ओळी शेजारीं लाविल्या, तर हा धडा आषाढांत पांच मिनिटांत शिकवितां येतो.

बाकीच्या बांध्या जुन्या वाणांसाठीं ठेवाव्या. चिन्नोर, लुचई, दुबराज, काळी कमोद हीं नांवें आमच्या वडिलांच्या पिढीला बाजारांत ऐकूं येत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील चिन्नोराला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे जुन्या वाणाला नवा भाव येऊं शकतो हें उघड झालें. पण भाव यावयाच्या आधीं बीं असलें पाहिजे. धानाचें बीं कोठीच्या मडक्यांत फार वर्षें जिवंत राहत नाहीं. तें शेतांतच, वर्षांनुवर्षें पेरून, जिवंत ठेवावें लागतें. रायपुरास डॉ. रिछारिया यांनीं १९७० च्या दशकांत त्या वेळच्या मध्यप्रदेशांतून धानाचे सुमारें १९ हजार नमुने जमविले, हें कार्य किती मोठें होतें हें आतां कळतें. आपल्या बागेला इतका आवांका नको. वीस वाण पुरेत. धान हें बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळणारें पीक असल्यामुळें दोन वाणांमध्यें तीन मीटर अंतर ठेवलें तरी भेसळ फारशी होत नाहीं. प्रत्येक वाणाचीं शंभर-दीडशें चुडें लावावीं, कडेच्या ओळी सोडून मधल्याच लोंब्या बियांसाठीं घ्याव्या, आणि वेगळ्या दिसणाऱ्या चुडाला आधीं खूण बांधावी, उपटावयाचें मागाहून ठरवावें.

ही शेवटची सूचना आम्ही मुद्दाम देतों. चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे हे थोड्या जमिनीचे शेतकरी. १९८३ सालीं त्यांना 'पटेल ३' या वाणाच्या पिकांत तीन लोंब्या निराळ्या, पिवळसर दिसल्या. भेसळ म्हणून त्यांनीं त्या फेंकल्या नाहींत. वेगळ्या ठेविल्या, वेगळ्या पेरिल्या, आणि वर्षांमागून वर्षें निवडीत गेले. त्यांतून जें बारीक धान निघालें तें त्या वेळच्या प्रसिद्ध घड्याळाच्या नांवावरून 'एचएमटी' म्हणून बाजारांत गेलें आणि कित्येक राज्यांत पोंचलें. दादाजी २०१८ सालीं वारले. त्या धानानें जो पैसा फिरला त्याच्या मानानें त्यांच्या घरांत आला तो किती अल्प, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. लोंबी निराळी दिसली ती केवळ नेहमीची लोंबी कशी असते हें पक्कें माहीत होतें म्हणून. तसा डोळा तयार होण्यासाठीं वीस वाण शेजारीं शेजारीं उभे पाहणें यासारखा अभ्यास नाहीं.

बागेच्या बाजूनें इतकें बोलल्यावर बागांचा एक दोषहि सांगणें न्यायाचें होईल. आज आपल्या रानांत जी रायमुनिया, म्हणजे घाणेरी, माजली आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेसाठीं आणिली गेली. जलपर्णीहि शोभेचीच वनस्पति म्हणून या देशांत आली. विद्वानांनीं, चांगल्या हेतूनें, चांगल्या बागेंत लाविलेल्या झाडानें पुढें लक्षावधि एकर गिळले. म्हणून आमच्या बागेचा एक नियम कडक असावा : जिल्ह्याबाहेरचें झाड लावावयाचें तर तें बियांनीं किंवा मुळांनीं आपोआप पसरतें काय, हें आधीं पाहावें, आणि बोडींत तर बाहेरचें कांहींच घालूं नये. बेशरम दाखवावयाची झाल्यास वाळवून, कागदावर चिकटवून दाखवावी. गुलाबाच्या वाफ्यांस व हिरवळीस आमचा विरोध नाहीं. पण वैशाखांत त्यांना जें पाणी लागतें त्यांत धावड्याचीं शंभर रोपें जगतील, हें बाग करणाऱ्यानें मनांत ठेवावें.

पाट्यांविषयीं थोडें. पाटीवर प्रथम गांवचें नांव, मग मराठी पुस्तकी नांव, मग हिंदी, आणि शेवटीं शास्त्रीय नांव देवनागरींत. शास्त्रीय नांव पाहून कांहीं मंडळी हंसतात. त्यांनीं पुढील गोष्ट लक्षांत घ्यावी. आपण ज्याला कहू म्हणतों तो अर्जुन. वायव्येकडील डोंगरांत कहू म्हणजे रानटी ऑलिव्ह. आणि यूनानी औषधांच्या दुकानांत काहू मागितलें तर लेट्यूस या कोशिंबिरीच्या भाजीचें बीं हातीं येतें. एक नांव आणि तीन वस्तु. उलट ऐन, येन व साजा हीं तीन नांवें एकाच झाडाचीं. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचें एकच नांव दिलें, तें या गोंधळासाठींच. 'टर्मिनालिया अर्जुना' म्हटल्यावर गोंदिया काय आणि पादुआ काय, झाड एकच उभें राहतें. परंतु गांवचें नांव खालीं ढकलूं नये. झाडीबोलींत, पोवारींत, गोंडींत ज्या झाडाला जें नांव आहे तें म्हाताऱ्या माणसांकडून आतांच लिहून न घेतलें तर पुढें कोणाला विचारणार? पाटी झाडाला खिळ्यानें ठोकूं नये, खांबावर असावी.

नोंदवहींत प्रत्येक झाडापुढें बीं कोणत्या गांवच्या रानांतून आलें, केव्हां पेरिलें, पालवी, फूल व फळ कोणत्या तारखेस आलें हें दरवर्षीं लिहावें. मोहाचीं फुलें दहा वर्षें केव्हां केव्हां गळलीं याची तारीखवार नोंद असलेली वही आम्हांस कोठें पाहावयास मिळाली नाहीं. असती तर पाऊस व उन्हाळा कसा सरकत आहे याची चर्चा करतांना ती फार उपयोगी पडली असती. या कामाला पदवीधराची गरज नाहीं. शाळेंतील वरच्या वर्गाचीं मुलें पाळीपाळीनें करूं शकतील. माळी मात्र एकच, अनेक वर्षें टिकणारा असावा.

बाग होईल तेव्हां होवो. बीं जमविण्याचें काम आमच्या वाचकांना आपापल्या गांवीं आजपासूनच करतां येईल. बिज्याच्या शेंगा पौष-माघांत झाडावर वाळल्यावर काढाव्या. हिरड्याचीं फळें माघ-फाल्गुनांत गळतात. चारोळीच्या बियांचें कवच कठीण, म्हणून पेरण्यापूर्वीं तें हलकेंच फोडावें. आंतल्या गरास धक्का लागूं नये. कुसुमाचीं फळें ज्येष्ठ-आषाढांत पिकतात, गर काढून बीं लगेच पेरावें. मोहाचें बीं तर फारच थोडे दिवस जिवंत राहतें. ज्या आठवड्यांत गोळा केलें त्याच आठवड्यांत मातींत गेलें पाहिजे. देवधानाचा दाणा पिकतांच गळतो, यासाठीं लोंबी हिरवी असतांनाच तिला जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधून ठेवावी आणि पिशवीवर तलावाचें नांव व तारीख पेन्सिलीनें लिहावी. शाई दंवानें पुसली जाते.